बारा बोअर म्हणजे बारा छर्रे नव्हेत: आजोबांची दुनळी हाती घेण्याआधी

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. यवतमाळ जिल्ह्यात तुमचं आठ एकर वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपायी रात्ररात्र जागल करावी लागते. आजोबा शहात्तर वर्षांचे झालेत आणि त्यांची १२ बोअरची दुनळी आता तुमच्या नावावर करायची आहे. गावात ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो, बारा बोअर म्हणजे एका बाराला बारा छर्रे. दुसरा म्हणतो, चार नंबरच्या काडतुसापेक्षा आठ नंबरचं जोरदार. तिसरा म्हणतो, छर्रे पसरतातच, नेम कशाला धरायचा. आणि सगळे मिळून सांगतात की नळीत आणि घोड्यात खोबरेल तेल ओतून ठेवायचं. यातलं कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली ३२ वर्षं बंदूक दुरुस्तीचं काम करतो. वर्धा आणि यवतमाळच्या सीमेवरच्या गावांतल्या पुष्कळ दुनळ्या आणि भरमार बंदुका (नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायच्या त्या) माझ्या हाताखालून गेल्या आहेत. तुम्ही सांगितलेली चारही वाक्यं मी याआधी शेकडो वेळा ऐकली आहेत, तीही खोटं न बोलणाऱ्या, अनुभवी, शहाण्या माणसांकडून. त्यामुळे कोण खरं आणि कोण खोटं यापेक्षा मला वेगळाच प्रश्न मोठा वाटतो. फवारणीत चूक झाली तर आठ दिवसांत पान बोलतं. पेरणी खोल गेली तर उगवण सांगते. बंदुकीचं तसं नाही. आपल्याकडचा परवानाधारक वर्षाला दोन-चार बार उडवतो, तेही अंधारात, डुकरं हाकलायला. डुकरं पळाली की काम झालं. छर्रे कुठं गेले, किती पसरले, किती लांब गेले हे कुणी पाहत नाही. म्हणून चुकीची समजूत पन्नास वर्षं घरात सुखाने नांदते आणि आजोबांकडून नातवाकडे बंदुकीबरोबरच येते.

दुसरं असं की यातल्या बऱ्याच समजुती एके काळी खऱ्या होत्या. भरमार बंदूक आणि काळी दारू यांच्या काळात त्या चालत. काडतुसाची दुनळी आली तरी सल्ला भरमारचाच राहिला.

काही गोष्टी तुमची बंदूक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. ती किती जुनी आहे, घोडे, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारे भाग, बाहेर आहेत की आत, नळ्यांचा चोक (तोंडाशी नळी किती आवळलेली आहे ते) किती, काडतुसाचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, किती लांबीचं, यावर बरंच अवलंबून आहे. जे सगळ्याच १२ बोअरला लागू आहे ते इथं सांगतो.

पहिली गोष्ट बोअरची. एक पाउंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम शिसं घेऊन त्याच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती १२ बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान होणार, म्हणून २० बोअरची नळी १२ पेक्षा अरुंद असते. छर्ऱ्यांच्या संख्येशी याचा संबंध नाही. मागे एक गृहस्थ माझ्याकडे तक्रार घेऊन आले होते. त्यांनी एलजीचं, म्हणजे सगळ्यात जाड छर्ऱ्यांचं, काडतूस चाकूने कापून छर्रे मोजले, तर ते सात निघाले. बाराचे पैसे घेऊन दुकानदाराने सातच दिले म्हणून ते भांडायला निघाले होते. (काडतूस असं कधीही कापू नका.) मी त्यांना बसवून घेतलं आणि हाच बारा गोळ्यांचा हिशोब कागदावर मांडून दाखवला.

नंबराचं गणितही उलटं आहे. नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक. आठ नंबरचा छर्रा जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा, आणि १२ बोअरच्या नेहमीच्या ३२ ग्रॅमच्या काडतुसात असे पाचशेच्या आसपास बसतात. चार नंबरचा त्याहून जाड, एक नंबरचा आणखी जाड. त्यापुढे आकडे संपतात आणि अक्षरं सुरू होतात. एलजीचा छर्रा नऊ मिलिमीटरचा असतो, वाटाण्याहून मोठा, आणि तेवढ्याच वजनात सहा-सातच बसतात. आठ नंबरचं काडतूस घेऊन कुणी डुकरासमोर जाऊ लागला तर त्याला हे माहीत नसल्यामुळे काय होईल, ते तुम्हीच ताडा.

आता छर्रे पसरण्याचं. हा विषय मी जरा सावकाश सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. छर्रे पसरतात हे खरं, पण जवळ फारच कमी पसरतात. दहा यार्डावर, म्हणजे नऊ मीटरवर, पूर्ण चोकच्या नळीतून छर्ऱ्यांचा मुख्य झुपका वीतभराचा असतो. अगदी खुल्या नळीतून तो हातभराहून थोडा मोठा होतो. तेव्हा धुऱ्याच्या पलीकडच्या डुकरावर न बघता बार काढला तर तो सरळ बाजूने निघून जातो. आणि लांब गेल्यावर उलटा त्रास होतो. चोकचं माप ठरवण्याची जुनी रीत अशी की ४० यार्डावर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, ३० इंची वर्तुळात किती छर्रे पडले ते मोजायचं. पूर्ण चोकमधून शंभरातले ७० पडतात, खुल्या नळीतून ४०. पाचशे बारीक छर्ऱ्यांचे चाळीस टक्के म्हणजे दोनशे. पण एलजीच्या सातांचे चाळीस टक्के म्हणजे दोन-तीन, आणि तेही अडीच फुटांच्या वर्तुळात कुठंही. त्या वर्तुळातला बराच भाग डुकराच्या अंगाबाहेरचा असतो.

म्हणून शंभर पावलांवर डुक्कर लोळवल्याची जी गोष्ट प्रत्येक गावात एक तरी म्हातारा सांगतो, ती खोटी असेलच असं नाही. एखादा छर्रा बरोबर जागी लागला असेल. मात्र ज्या वीस वेळा जनावर पोटात छर्रा घेऊन ओरडत झुडपात गेलं, त्या वीस वेळांची गोष्ट कुणी सांगत नाही. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी निंदणाऱ्या बाईच्या अंगावर येतं. हे मी पाहिलं आहे, म्हणून यावर माझा आवाज चढतो.

दुनळीच्या दोन नळ्यांचा चोक बहुधा वेगवेगळा असतो, हेही अनेक मालकांना आयुष्यभर ठाऊक नसतं. साधारणपणे उजवी नळी खुली आणि डावी आवळलेली असते. तुमच्या बंदुकीत काय आहे हे मोजूनच कळेल.

याच्याच जोडीची दुसरी समजूत अशी: छर्रे काय, शंभर पावलांवर खाली पडतात. छर्ऱ्याचा जास्तीत जास्त पल्ला काढायची एक जुनी, सोपी रीत आहे, जुर्ने नावाच्या फ्रेंच सेनाधिकाऱ्याने बसवलेली. छर्ऱ्याचा व्यास इंचात घ्यायचा आणि २२०० ने गुणायचं, म्हणजे यार्डात पल्ला मिळतो. चार नंबरचा छर्रा या हिशोबाने अडीचशे मीटरच्या जवळ जातो. एलजीचा सातशे मीटर पार करतो. तुमचं आठ एकराचं वावर चौकोनी धरलं तर एक बाजू १८० मीटरची होते. म्हणजे मधोमध उभं राहून आडवा बार काढला तरी एलजीचा छर्रा तुमचा धुरा ओलांडून पुढची तीन-चार वावरं पाहून येऊ शकतो. त्या वावरांत रात्री कुणी तुमच्यासारखाच जागलीवर बसलेला असतो, चुलीशेजारी किंवा मचाणावर. आपल्या भागात आता दर दोन वावरांमागे एक माणूस रात्री असतो. आजोबा जागल करत तेव्हा एवढी माणसं नव्हती. हवेत बार काढायचा तरी कोणती दिशा मोकळी आहे हे दिवसा उजेडी ठरवून ठेवा, रात्री नाही.

आता डोळ्यांचं. जागलीवरचे लोक बॅटरी फिरवतात, कुठं दोन डोळे हिरवट-पिवळे चमकतात, आणि लगेच आवाज येतो: "डुक्कर हाय, काढ बार!" भाऊ, हे अगदी उलटं आहे. गाय, बैल, शेळी, कुत्रा, मांजर, रोही, हरीण, बिबट, वाघ यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. तो उजेड परत फेकतो, म्हणून त्यांचे डोळे अंधारात पेटल्यासारखे दिसतात. डुकराच्या डोळ्यांत हा थर नसतो. फार तर कधी मंद लालसर झाक दिसते. म्हणजे बॅटरीच्या उजेडात ज्याचे डोळे झगमगले ते डुक्कर नाही, असंच धरून चालायचं. ते शेजाऱ्याचं सुटलेलं जनावर असेल, त्याचा कुत्रा असेल किंवा वाघ असेल. तिघांपैकी कुणावरही बार काढायचा नाही.

माझ्याकडे एक शेतकरी बंदूक साफ करायला घेऊन आला होता. गप्प गप्प होता. चहा झाल्यावर बोलला, "दोन डोळे दिसले अन् म्या बार उडवला. सकाळी पाह्यलं तर शेजाऱ्याचा गोऱ्हा." गोऱ्ह्याचे पैसे त्याने भरून दिले, पण दोन घरांची पांदणीतली बोलाचाल तीन वर्षं बंद राहिली. डुकराच्या डोळ्यांची गोष्ट मी त्याला सांगितली तेव्हा तो बराच वेळ नुसता बसून राहिला. पन्नास वर्षं डुकरांशी झगडलेल्या माणसाला हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. म्हणून आता माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक जागल्याला मी आधी हे सांगतो आणि मग बंदूक हातात घेतो. जनावराचं पूर्ण अंग दिसल्याशिवाय, ते काय आहे हे ओळखल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय चापावर बोट जाऊ देऊ नका.

खोबरेल तेलाचा किस्सा मला फार जवळचा आहे. एका डिसेंबरात एक काका आले. त्यांच्या हरभऱ्यात रोही शिरत होते. म्हणाले, "बंदूक दिवसा बरोबर चालते, राती रुसते. दोनदा चाप ओढला, नुसती टक झाली. घरी म्हनतात कोनं तरी करून ठेवलं." मी बंदूक घेतली, रिकाम्या तपासणी काडतुसावर चालवून पाहिली, ठणठणीत. काका हताश. मी ती नोंदीवर दुकानात ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे, कडाक्याच्या थंडीत, दुकान उघडून पुन्हा चालवली तर घोडा मरगळल्यासारखा पडला. कळ, म्हणजे घोडा आणि चाप चालवणारी यंत्रणा, उघडली तर आत पांढरं शुभ्र खोबरेल तेल गोठलेलं, पेढ्यासारखं घट्ट. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि आपल्याकडे हिवाळ्याच्या रात्री पारा दहाच्या जवळ उतरतो. दिवसा ऊन लागलं की तेल विरघळायचं, बंदूक चालायची. रात्री घट्ट व्हायचं, काडतुसाच्या बुडाच्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर पिन नीट आदळायची नाही. काकांनी ती करणी उतरवण्यासाठी आधीच एक कोंबडं खर्च केलं होतं. रॉकेलने धुऊन, पुसून, बंदुकीच्या पातळ तेलाचे दोन थेंब दिले आणि बंदूक परत केली.

शेंगदाणा आणि सोयाबीनचं तेल असं सहजी गोठत नाही, पण काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं. जवसाचं तेल तर हवेत वाळून लाखेसारखा थर धरतं. हाच गुण लाकडी दस्त्याला वरदान आहे. दस्त्यावर जवसाचं तेल हाताने चोळा, पातळ, वर्षातून एकदा, लाकूड दिसायलाही सुंदर राहतं आणि पावसाळ्यात फुगत नाही. पण ते तेल कळेत गेलं तर सगळं चिकटून बसतं. आपल्या भागात जवस घरचं असतं, म्हणून ही गल्लत इथं जास्त होते.

तेल जास्त तितकं बरं, हेही खरं नाही. उभ्या ठेवलेल्या बंदुकीतलं जादा तेल उतरून दस्त्याच्या मानेत मुरतं, आणि ते लाकूड मऊ होऊन चिरतं. पातळ हात फिरवायचा, बस.

नळीत काय काय सापडतं ते सांगू लागलो तर रात्र पुरणार नाही. दसऱ्याला शस्त्रपूजा करतात. करावी, मीही करतो. पण एका घरात नळीच्या तोंडाशी झेंडूचं फूल आणि आपट्याची पानं खोचली होती आणि आत हळदकुंकवाचा ओला गोळा गेला होता. पूजा झाल्यावर फूल काढलं, पानं आत राहिली. हळदकुंकवाच्या ओलाव्याने नळीत गंजाचा पट्टा पडला होता, तो मला घासून काढावा लागला. दुसऱ्या एका नळीत कुंभारमाशीने घर केलं होतं. बंदूक चार महिने भिंतीवर टांगलेली, तिला मातीच्या घरट्यासाठी आयती नळी मिळाली. आणि सगळ्यात जास्त वेळा सापडते ती आपली काळी माती. पावसात धुऱ्यावरून उतरताना बंदूक टेकून चालायची सवय, आणि नळीचं तोंड चिखलात.

"पुढची माती काय, बाराबरोबर उडून जाते" असं सांगतात. उडून जात नाही, भाऊ. छर्रे आणि वायू त्या अडथळ्यावर येऊन आदळतात, दाब एका जागी चढतो, आणि नळी तिथं फुगते किंवा फाटते. तुमचा डावा हात नेमका त्याच्या जवळ असतो. फुगलेल्या नळ्या मी अनेक पाहिल्या. प्रत्येक मालकाचं पहिलं वाक्य एकच असतं: माती थोडीशीच होती. बंदूक हातात घेतली की ती उघडायची, काडतूस नाही याची खात्री करायची आणि दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का पाहायचं. याला दहा सेकंद लागतात.

काडतुसांचं तेवढंच महत्त्व आहे. पावसाळ्यात कागदी काडतूस ओल धरून फुगतं, नळीत शिरत नाही, म्हणून लोक ते चुलीजवळ वाळवतात. मी एका घरी मिरच्यांच्या शेजारी, रणरणत्या उन्हात पत्र्यावर ओळीने वाळत घातलेली काडतुसं पाहिली आहेत. फुगलेलं काडतूस वाळवून पुन्हा वापरायचं नसतं, बाजूला काढायचं आणि परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करायचं. जी चांगली आहेत ती घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब, बंदुकीपासून वेगळी, कुलपात ठेवा.

२० बोअरचं काडतूस कधीही १२ च्या जवळ ठेवू नका. ते १२ च्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं, दिसत नाही. माणसाला वाटतं काडतूस घातलंच नाही, म्हणून तो मागे १२ चं घालतो. पुढे काय होतं ते फुगलेल्या नळीपेक्षा फार वाईट असतं. म्हणूनच २० बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग द्यायची पद्धत पडली.

"काडतूस आत बसलं म्हणजे बरोबर" हीसुद्धा समजूतच आहे. जुन्या बंदुकांचं काडतुसाचं घर ६५ मिलिमीटरचं असतं, आता मिळणारी पुष्कळ काडतुसं ७० ची. ७० चं काडतूसही ६५ च्या घरात आरामात बसतं, कारण ७० ही उघडल्यानंतरची लांबी आहे. बार होताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. आजोबांची बंदूक जुनी विलायती असेल तर नळीखालचे शिक्के वाचून घ्यावे लागतील. आणि नळीवर पाण्याच्या लाटांसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी असू शकते. तसल्या नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. ती नक्षी दिसली तर आजची काडतुसं त्यातून मुळीच उडवू नका, आधी जाणकाराला दाखवा.

चाप ओढला आणि बार झाला नाही तर लोक लगेच बंदूक उघडून आत डोकावतात. कधीकधी टोपी पेटून दारू सुस्तावलेली असते आणि क्षणभराने पेटते. नळी सुरक्षित दिशेला धरून मनातल्या मनात तीस आकडे मोजा आणि मगच उघडा.

लाथेबद्दल, म्हणजे बार होताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याबद्दल, थोडक्यात. जास्त लाथ म्हणजे जास्त जोर असं नाही. दस्ता खांद्यात घट्ट न धरल्यामुळेच बहुतेकांचा खांदा काळानिळा होतो. लोक मध्ये दुपट्ट्याची जाड घडी ठेवतात, ती सरकते आणि दस्ताही सरकतो. आणि डुक्कर बाराने उडून चार हात लांब पडलं, हे होत नसतं. ३२ ग्रॅम शिसं सेकंदाला ४०० मीटर वेगाने ८० किलोच्या डुकराला पूर्ण लागलं तरी त्याने डुकराला सेकंदाला वीतभरापेक्षा कमी वेग मिळतो. जेवढा धक्का पुढे, तेवढाच मागे तुमच्या खांद्याला. डुक्कर उडणार असतं तर तुम्हीही मचाणावरून उडाला असता. ते स्वतःच्याच पायांनी उसळतं.

लांब नळी, लांब पल्ला हेही भरमारच्या काळातलं. काळी दारू हळू जळायची, तिला लांबीचा थोडा उपयोग व्हायचा. आजच्या काडतुसात इंचभर नळी वाढली तर वेगात सेकंदाला दोन-तीन मीटरचा फरक पडतो, तोही चारशेत.

कानात कापसाचा बोळा घालणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. कापूस आपल्या घरचा, पण आवाज तो अडवत नाही. १२ बोअरचा बार १४० डेसिबलच्या वर जातो, आणि एकाच बाराने कायमचं नुकसान होऊ शकतं. कान सवयीने पक्का होत नाही, बहिरा होतो. फोमचे बोळे थोड्या पैशांत मिळतात. सेफ्टी लावली म्हणजे बंदूक उडत नाही, हेही पक्कं धरू नका. पुष्कळ दुनळ्यांत सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा तसाच ताणलेला राहतो, आणि पडल्यावर तो सुटू शकतो. मचाणावर चढताना बंदूक रिकामी करूनच चढा.

आता कागदाचं. बंदूक सातबाऱ्यासारखी फेरफाराने नावावर होत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत अशी तरतूद आहे की परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली, तर कायदेशीर वारसाला त्या बंदुकीसाठी परवाना मिळण्याचा अर्ज करता येतो. नातू त्यात येतो. आजोबा शहात्तरचे आहेत, म्हणजे ही वाट तुम्हाला मोकळी आहे. पण परवाना तुमच्या हाती पडेपर्यंत ती बंदूक आजोबांचीच. जागलीवर तुम्ही घेऊन गेलात तर तो गुन्हा, घरातली आहे हे कारण चालत नाही. अर्जासाठी शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते नुसता कागद म्हणून उरकू नका. तिथल्या प्रशिक्षकाला विचारून, त्यांच्याच मैदानावर, मोठ्या कागदावर वीस आणि चाळीस यार्डावरून बार काढून पाहा. आपल्या घरात पन्नास वर्षांत कुणी न पाहिलेली गोष्ट तुम्हाला एका दुपारी दिसेल, छर्रे नेमके कुठं जातात ती.

आणखी एक मोठी गल्लत: शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी, असं गावोगाव समजतात. तो बंदूक बाळगायचा परवाना आहे. रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्यात, १९७२ च्या, येतात. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायचं असेल तर त्या कायद्याच्या कलम ११ खाली वनविभागाची लेखी परवानगी वेगळी लागते. नुकसान झालं तर पंचनामा करून भरपाईचा अर्जही तिथंच करायचा. वरातीत बार काढायचा मोह तर नकोच. २०१९ च्या दुरुस्तीपासून आनंदाच्या भरात बेदरकारपणे गोळीबार करून माणसांचा जीव धोक्यात घालणं हा वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आजोबांना यातलं काही चुकलं म्हणून ऐकवू नका. त्यांनी ज्या बंदुकीवर शिकलं त्या बंदुकीसाठी त्यांचं बरंचसं बरोबर होतं. त्यांच्याकडून बंदूक उघडायला, उजेडाला धरून पाहायला आणि दस्ता खांद्याला लावायला शिका. हातात ती सवय अजून असेल. कळेतलं खोबरेल तेल साफ करायला, घराची लांबी आणि चोक मोजून घ्यायला बंदूक एकदा जवळच्या परवानाधारक कारागिराकडे न्या. आजोबांनाच सोबत घ्या, कारण आज परवाना त्यांच्या नावावर आहे. मूळ परवाना खिशात असू द्या, बंदूक रिकामी करून खोळीत घाला, आणि काडतुसं घरीच कुलपात राहू द्या.